डेल्फ्टला जाताना आधी वार बघा: बुधवार ते रविवार

चित्रकार योहानेस व्हर्मीर 1632 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जन्मला, तिथेच राहिला आणि 1675 च्या डिसेंबरात तिथेच वारला. आज त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं जेमतेम 35-37 आहेत, आणि त्यातलं एकही डेल्फ्टमध्ये नाही. हे ठाऊक नसलेले प्रवासी हेगहून अर्ध्या दिवसासाठी येतात, चौकात फोटो काढतात, निळ्या नक्षीचं एखादं चुंबक घेतात आणि हिरमुसून परततात. खरं तर व्हर्मीरने रंगवलं काय? भांड्यात दूध ओतणारी बाई, पत्र वाचणारी बाई, दारात बसून शिवणारी बाई. म्हणजे घरातली आणि गल्लीतली रोजची कामं. डेल्फ्टमध्ये बघायचं असेल तर तेच बघावं. हे गाव वारांवर चालतं, म्हणून दिवस वारांप्रमाणेच लावावेत. बुधवारी दुपारी पोचून रविवारी निघणं सगळ्यात सोयीचं.

बुधवार

ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून डेल्फ्ट साधारण 40-45 मिनिटांवर. वेगळं तिकीट काढायची गरज नाही. फाटकापाशी कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं, अंतराप्रमाणे पैसे कापले जातात. यात तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. पहिला: नवरा-बायको दोघं मिळून एकच कार्ड वापरायला जातात. चालत नाही, माणशी एक कार्ड लागतं. दुसरा: चढताना प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि उतरताना फोन. खातं एकच असलं तरी यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं असतात, त्यामुळे पहिला प्रवास अर्धवट राहतो आणि दुसरा नव्यानेच सुरू होतो. तिसरा: उतरताना टेकवायचं राहून जातं. रेल्वेत त्यासाठी 20 युरो कापले जातात, ट्राम-बसमध्ये 4. नंतर ऑनलाइन दुरुस्ती मागता येते, पण ती वेळेत मागावी लागते. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, अशा वेळी मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस धरावी लागते. निघण्याआधी रेल्वेच्या ॲपवर मार्ग बघून घ्यावा.

डेल्फ्टचं स्टेशन जमिनीखाली आहे. 2015 च्या फेब्रुवारीपर्यंत गाड्या गावाच्या कडेने उंच पुलावरून धडधडत जायच्या. बोगदा झाला, पूल पाडला, आणि पश्चिमेकडच्या घरांना पुष्कळ वर्षांनी शांत झोप मिळाली. फिरत्या जिन्याने वर येताना मान वर करावी. छताच्या पट्ट्यांवर 1877 सालचा डेल्फ्टचा अवाढव्य नकाशा छापलेला आहे. कालव्यांची रचना आजही जवळपास तीच, त्यामुळे पुढच्या चार दिवसांची ओळख इथेच होऊन जाते.

जुन्या गावात राहणार असाल तर सामान कमी आणा. घरं अरुंद आणि खोल, जिने जवळजवळ शिडीसारखे उभे. मोठी बॅग वर नेताना भिंतीला घासते आणि खाली आणताना माणसालाच घेऊन येते. उतरताना शिडी उतरतो तसं तोंड जिन्याकडे करावं. घरांच्या कपाळावर पुढे आलेली तुळई दिसेल, तिला हूक असतो. कपाटं, पलंग जिन्यातून जात नाहीत म्हणून दोर लावून खिडकीतून आत घ्यायची ती सोय. आजही घर बदलताना सामान खिडकीतूनच चढतं, मात्र बहुतेक वेळा भाड्याने आणलेल्या लिफ्टने.

संध्याकाळी आउदे डेल्फ्ट या सगळ्यात जुन्या कालव्याच्या कडेने चालावं. 167 क्रमांकाची इमारत चुकवू नका: दगडी दर्शनी भाग, त्यावर रंगीत मानचिन्हं. हे डेल्फलंड जलमंडळाचं जुनं घर, 16व्या शतकाच्या सुरुवातीचं. हे मंडळ 13व्या शतकापासून या भागातलं पाणी सांभाळतं. कालव्याची पातळी समुद्रसपाटीच्या थोडी खाली, वर्षभर जवळपास एकाच रेषेवर ठेवलेली असते. पाऊस वाढला की पंप जादा पाणी बाहेर फेकतात. इथल्या रहिवाशांना नगरपालिकेच्या कराशिवाय जलमंडळाचाही कर भरावा लागतो, आणि मंडळावर कोण बसणार यासाठी दर चार वर्षांनी मतदान होतं. कालव्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नाही. लहान मूल बरोबर असेल तर त्याला घरांच्या बाजूने चालवा.

जेवण लवकर उरका. इथे घरोघरी सहाच्या सुमाराला जेवतात, आणि रात्री नऊनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं.

गुरुवार

आठवडी बाजाराचा दिवस. न्यूवे केर्क (म्हणजे नवं चर्च) आणि नगरभवन यांच्यामधला मार्क्ट हा चौक सकाळी नवाच्या सुमाराला तंबूंनी भरतो आणि पाचपर्यंत चालतो. जवळच त्याच दिवशी फुलांचा बाजार. दहाच्या आत गेलात तर गावातले म्हातारे-म्हाताऱ्या चाकांच्या पिशव्या ओढत भाजी निवडताना दिसतात. अकरानंतर पर्यटकांची गर्दी.

चीजच्या गाडीपुढे उभं राहण्याआधी दोन गोष्टी डोक्यात ठेवा. इथे बोलताना ‘ओन्स’ म्हणजे 100 ग्रॅम आणि ‘पोंट’ म्हणजे 500 ग्रॅम. दोघांसाठी दोन ओन्स पुरतं. पोंट मागितलंत तर आठवडाभर चीज खाल. दुसरी गोष्ट वय. ‘योंग’ म्हणजे सुमारे चार आठवडे मुरलेलं, मऊ आणि दुधाळ. ‘योंग बेलेखन’ दोन महिन्यांच्या आसपास, ‘बेलेखन’ चार महिन्यांचं, ‘आउट’ म्हणजे जुनं, दहा महिन्यांच्या पुढचं. जुन्यात कणीदार खडे लागतात आणि चव तिखटाकडे झुकते. ते पातळ कापायला गेलात तर भुगा होतो, तुकडेच तोडावेत. विक्रेता सुरीच्या टोकावर चव देतो, संकोच करू नका. शाकाहारींनी विरजण कशाचं आहे ते विचारावं. पारंपरिक चीजसाठी वासराच्या जठरातला रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरतात. वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचा रेनेट वापरलेलं चीजही मिळतं, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. हीच गोष्ट बटाट्याच्या चिप्सची. काही गाड्यांवर त्या गाईच्या चरबीत तळतात. तेल कोणतं, हा प्रश्न इथे कोणाला विचित्र वाटत नाही.

पैसे कार्डाने द्यावेत. ‘फक्त कार्ड’ अशी पाटी लावलेली दुकानं बरीच आहेत, आणि काही छोट्या ठिकाणी डेबिट चालतं पण क्रेडिट कार्ड चालत नाही. दोन्ही जवळ ठेवा, बाजारासाठी थोडी रोख.

न्यूवे केर्कचा मनोरा 108.75 मीटर उंच आहे आणि वरच्या सज्जापर्यंत 376 पायऱ्या. जिना गोल, अरुंद, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेवर. समोरून कोणी आलं तर जिथे पायरी रुंद असेल तिथे भिंतीला चिकटून थांबायचं. पाठीवरची सॅक पुढे घ्यावी. बाजार भरात असताना वर असाल तर तंबूंच्या रांगा, कालव्यांच्या रेषा, हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला रॉटरडॅम, दुसऱ्या बाजूला हेग दिसतं. वादळी हवेत मनोरा बंद ठेवतात. वरचं टोक मात्र व्हर्मीरने पाहिलेलं नव्हे. त्याच्या काळचं टोक 1872 मध्ये वीज पडून जळालं, आताचं त्यानंतरचं. खाली चर्चमध्ये डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचं समाधिशिल्प आहे, राजघराण्याचं दफनाचं तळघर आहे पण ते लोकांसाठी उघडत नाहीत. व्हर्मीरचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये 31 ऑक्टोबर 1632 ला झाला.

चर्चच्या मागून निघून मार्क्टला समांतर असलेल्या फोल्डर्सख्राख्ट या चिंचोळ्या कालव्यावर यावं. व्हर्मीरच्या वडिलांची खाणावळ याच गल्लीत होती. पुढे 1641 मध्ये त्यांनी मार्क्टवरची ‘मेखेलेन’ ही मोठी खाणावळ घेतली. ती इमारत 19व्या शतकात रस्ता रुंद करताना पाडली. कलावंतांच्या सेंट ल्यूक संघाची जागा फोल्डर्सख्राख्टवरच, आणि तिथे आता व्हर्मीर सेंटर आहे. आत सगळ्या चित्रांच्या मूळ आकारातल्या प्रती एकत्र लावल्या आहेत. प्रतीच बघायला पैसे का द्यायचे, असं वाटणं साहजिक आहे. पण चित्रं प्रत्यक्षात किती लहान आहेत, हे सगळी शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय उमगत नाही. रविवारी हेगला जाणार असाल तर ही तयारी उपयोगी पडते.

मार्क्टच्या दक्षिणेला आउदे लांगेनडाइक. इथे सासू मारिया थिन्स हिच्या घरात व्हर्मीर, बायको काथारिना आणि त्यांची जगलेली अकरा मुलं राहत होती. 1672 मध्ये फ्रेंच सैन्य देशात घुसलं, चित्रांचा बाजार कोसळला आणि तीन वर्षांत तो कर्जात वारला. पावाचीच उधारी एवढी होती की 617 गिल्डरच्या (गिल्डर हे जुनं डच नाणं) थकबाकीपोटी काथारिनाने दोन चित्रं हेंड्रिक फान बाउटेन या बेकरीवाल्याकडे ठेवली. दिवाळखोरीचा कारभार बघायला नेमला गेला तो डेल्फ्टचाच कापडव्यापारी आणि सूक्ष्मदर्शकवाला आंतोनी फान लेवेनहुक, व्हर्मीरच्याच वयाचा. घर आता नाही. जागा पाच मिनिटांत बघून होते.

शुक्रवार

सायकलचा दिवस. स्टेशनजवळ आणि गावात भाड्याने मिळतात. रेल्वेच्या निळ्या-पिवळ्या सायकलींना मात्र इथल्या खात्याची वर्गणी लागते, त्या नादी लागू नका. घेताना खोगीर उतरवून घ्या: बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागायला हवेत. डच उंचीच्या सायकली तशाच ताब्यात देतात आणि पहिल्या सिग्नलला माणूस आडवा होतो.

साध्या सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो किंवा एकच असतो. पेडल मागे दाबलं की मागचं चाक थांबतं. नवख्यांची अडचण थांबताना होत नाही, पुन्हा निघताना होते. पेडल उलटं फिरवून वर आणता येत नाही, कारण ते फिरतच नाही, ब्रेक लागतो. म्हणून थांबतानाच एक पेडल वर, थोडं पुढे, अशा बेताने थांबायचं. चुकलंच तर पेडल पायाने खालून उचलून पुढच्या दिशेने फिरवत सायकल थोडी पुढे ढकलावी, म्हणजे पेडल वर येतं.

रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात. त्यांची टोकं तुमच्याकडे रोखलेली असली की समोरच्याला वाट द्यायची. खुणा नसतील तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क, तो सायकलवाला असला तरी. स्टेशनच्या बाजूला ट्रामचे रूळ आहेत, ते काटकोनातच ओलांडा. तिरपे गेलात तर चाक खाचेत अडकतं आणि पडणं ठरलेलं, पावसात तर हमखास. हातात फोन धरून सायकल चालवण्याला 1 जुलै 2019 पासून बंदी आहे. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा लागतो. कुलूप दोन प्रकारचं लावायचं: मागच्या चाकाचं कडीचं, आणि साखळी चौकटीतून घालून एखाद्या खांबाला. स्टेशनाखालच्या वाहनतळात पहिले 24 तास फुकट. रांग आणि मजला फोनमध्ये टिपून ठेवा, कारण हजारो काळ्या सायकलींत आपली काळी सायकल शोधणं हा वेगळा व्यायाम आहे. मनाईच्या पाटीखाली किंवा वाटेत लावलेली सायकल नगरपालिका उचलून नेते.

सकाळी होइकाडेवर जावं, मार्क्टपासून साधारण एक किलोमीटर. ‘डेल्फ्टचं दृश्य’ हे मोठं चित्र व्हर्मीरने 1660-61 च्या सुमाराला याच बाजूने पाण्यापलीकडे बघत रंगवलं. चित्रातली दोन्ही वेशींची दारं, स्खीडाम आणि रॉटरडॅमची, 19व्या शतकात पाडली गेली. ठळकपणे जुळतो तो न्यूवे केर्कचा मनोरा. उन्हाची दिशा चित्रासारखी हवी असेल तर सकाळीच या, दुपारी समोरची घरं सपाट दिसतात. जुन्या वेशींपैकी उरलेली एकमेव ओस्टपोर्ट इथून सायकलने पाच-सात मिनिटांवर आहे.

दुपारी रॉटरडॅमसेवेखवरचा रॉयल डेल्फ्ट कारखाना. 1653 मध्ये सुरू झालेला, 17व्या शतकातल्या भांड्यांच्या कारखान्यांपैकी आजवर अखंड चालू राहिलेला एवढाच. हे पोर्सेलिन नाही, चिनी पोर्सेलिनच्या नकलेतून वाढलेली भाजलेल्या मातीची भांडी. रंगवणाऱ्यांच्या टेबलाशी वेळ काढा. भांडं एकदा भट्टीतून काढलं की ते सच्छिद्र आणि कोरडं असतं. नक्षी पारदर्शक कागदावर सुईने टोचून ठेवलेली असते. कागद भांड्यावर धरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की ठिपक्यांची रेषा उमटते, आणि ब्रश त्या रेषेवरून चालतो. रंग असतो काळपट. तो कोबाल्ट ऑक्साइड असतो. वर झिलई चढवून पुन्हा भट्टीत घातल्यावरच निळा होतो. म्हणजे फिका-गडद निळा रंगवताना दिसतच नाही, पाणी किती मिसळलं यावरून अंदाजाने ठरतो. शिवाय कोरडं भांडं ब्रशमधलं पाणी लगेच शोषून घेतं. ब्रश अर्ध्यात थांबला की तिथे डाग, आणि तो पुसता येत नाही.

विकत घ्यायचं असेल तर वस्तू उलटी करून बघा. हाताने रंगवलेल्या वस्तूच्या तळाशी कारखान्याची बाटलीची खूण, वर्षाचं अक्षर आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरं हाताने काढलेली असतात. छापील नक्षीच्या वस्तूही त्याच दुकानात स्वस्तात असतात आणि त्यात गैर काही नाही, फक्त आपण काय घेतोय ते ठाऊक हवं. घरांतल्या निळ्या फरशांचं काम शोभेपलीकडचं आहे. भिंतीच्या तळाला ओल येते आणि झाडू-पोछ्याने चुना झडतो, म्हणून खाली फरशांची एक ओळ लावायची. व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या मागे, जमिनीलगत, तीच ओळ आहे.

शनिवार

हा दिवस फ्लामिंगस्ट्राटचा. मार्क्टपासून पाच मिनिटं, मधून कालवा, दोन्हीकडे साधी विटांची घरं. व्हर्मीरचं ‘छोटी गल्ली’ हे चित्र (सुमारे 1658) नेमक्या कोणत्या गल्लीचं, यावर शंभर वर्षांहून जास्त वाद झाला. फोल्डर्सख्राख्टपासून कितीतरी पत्ते सुचवले गेले. 2015 मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातले प्राध्यापक फ्रान्स ख्रायझेनहाउट यांनी उत्तर मांडलं, आणि ते सापडलं एका कराच्या वहीत.

कालवे गाळाने भरतात, ते उपसावे लागतात, काठाची डागडुजीही करावी लागते. 1667 मध्ये डेल्फ्टच्या नगरपालिकेने त्यासाठी प्रत्येक घरमालकाकडून पैसे घेतले, घराच्या रुंदीप्रमाणे. म्हणून वहीत काठावरच्या प्रत्येक घराची रुंदी आणि घरांमधल्या बोळांची रुंदीही लिहिलेली आहे, अगदी दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत बिनचूक. चित्रात दोन घरं आणि त्यांच्या मधोमध शेजारी-शेजारी दोन बोळ. घरं सव्वासहा मीटरच्या आसपास, बोळ सव्वा मीटरचे. हे सगळं एकत्र जुळणारी जागा अख्ख्या गावात एकच निघाली: आजचे फ्लामिंगस्ट्राट 40 आणि 42. उजवीकडचं घर व्हर्मीरच्या आत्याचं, आरियांतखेन क्लास हिचं. ती विधवा होती, जनावरांच्या पोटाचं मांस विकून पोरं वाढवत होती, आणि शेजारच्या बोळाचं नावही त्यावरूनच पडलं होतं. सगळ्यांना ही जागा पटलेली आहे असं नाही, पण इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कोणत्याही पत्त्यासाठी पुढे आलेला नाही.

आता तिथे उभी असलेली घरं 19व्या शतकातली आहेत. जुनं उरलंय ते उजवीकडच्या बोळाचं दार. घरात माणसं राहतात. खिडक्यांना पडदे नसतात म्हणून आत डोकावू नका, इथे पडदा उघडा ठेवणं रीत आहे आणि आत न बघणंही. कालव्याच्या पलीकडच्या काठावर उभं राहा. चित्रातलं अंतर साधारण तेवढंच आहे.

उन्हाळी महिन्यांत शनिवारी कालव्यांच्या काठाने जुन्यापान्या वस्तूंचा बाजार लागतो. तिथे सुट्या जुन्या फरशा मिळतात. जुनी फरशी ओळखायची तर कडा बघा: मागच्या बाजूला कडा तिरपी तासलेली, मागे गाऱ्याचे अंश, कोपऱ्यांवर खिळ्याची बारीक भोकं. चारही कडा काटकोनात आणि पाठ गुळगुळीत असेल तर ती अलीकडची. जवळच कामारेटेनला मासे विकायची 1342 पासूनची जागा आहे. हेरिंग ही मासळी कच्चीच, मिठात मुरवलेली, वर कांदा. नवी हेरिंग जूनच्या मध्यापासून येते.

आउदे केर्क, म्हणजे जुन्या चर्चचा मनोरा जवळजवळ दोन मीटर कललेला आहे, कारण त्याच्या पायाचा एक भाग बुजवलेल्या कालव्यावर येतो. आत व्हर्मीर आणि लेवेनहुक दोघंही पुरलेले आहेत. व्हर्मीरच्या नावाचा दगड पुष्कळ नंतरचा. रंगीत काचा 20व्या शतकातल्या, कारण 12 ऑक्टोबर 1654 ला दारूगोळ्याचं कोठार उडालं, गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि चर्चच्या काचा फुटल्या. चित्रकार कारेल फाब्रिटियस त्याच स्फोटात मेला. दोन्ही चर्चना एकच तिकीट चालतं, मनोऱ्याचं वेगळं.

संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये रिकाम्या बाटल्या परत करून टाका. लहान प्लास्टिक बाटली आणि पेयाचा डबा यांची अनामत 15 सेंट, मोठ्या बाटलीची 25. यंत्र बारकोड वाचतं, म्हणून डबा चेपला किंवा लेबल फाडलं की ते नाकारतं. शेवटी बटण दाबून पावती घ्या, ती बिलात वळती होते. स्वतः स्कॅन करून बाहेर पडताना बिलाचा बारकोड फाटकाला दाखवावा लागतो, तोवर कागद फेकू नका.

रविवार

दोन्ही चर्च रविवारी प्रार्थनेसाठी असतात, पर्यटकांना प्रवेश नाही. दुकानंही उशिरा उघडतात. म्हणून आज हेग. रेल्वेने बारा-पंधरा मिनिटं, नाहीतर 1 नंबरची ट्राम अर्ध्या तासात थेट गावात. तिथल्या माउरिट्सहाउस संग्रहालयाचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढावं. रविवारी दुपारी रांग असते. दहाला उघडतं, तेव्हा आत असलेलं बरं.

व्हर्मीरच्या मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुलीच्या चित्रापुढे गर्दी होणारच. तिला दोन मिनिटं द्या आणि ‘डेल्फ्टचं दृश्य’ पुढे थांबा. वेशीवरच्या घड्याळात सात वाजून गेलेत. न्यूवे केर्कच्या मनोऱ्यात घंटांच्या जागी आरपार आकाश दिसतं, कारण त्या सुमाराला नव्या घंटा बसवायचं काम चालू होतं. चित्राचा काळ ठरवताना अभ्यासकांनी हाही धागा धरला. पुढच्या अंगाला ढगाची सावली आहे आणि ऊन पडलंय ते मागच्या छपरांवर. उजवीकडच्या बोटींवर जवळून बघा: रंगाचे गोल ठिपके, ओल्या लाकडावर उन्हाची चमक पडते तसे. शुक्रवारी होइकाडेवर उभं राहिल्यावर जे जुळत नव्हतं ते इथे जुळवता येतं; वेस कुठे होती, पूल कुठे, भिंत कुठून कुठे.

ज्यांना रविवार जमत नाही त्यांनी सोमवार धरला तर लक्षात ठेवावं, सोमवारी हे संग्रहालय दुपारी एकला उघडतं. ‘छोटी गल्ली’ आणि दूध ओतणारी बाई ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. संध्याकाळचं विमान असेल तर त्या मोहात पडू नका, सामान घेऊन हेगहून सरळ स्खिपोलची गाडी धरा.